साडेसहाशे रुपयांची कोयना

वस्तू : जलविद्युत प्रकल्पाचं 'स्वतः बनवा' किट. खोक्यावर लिहिलंय, वय दहा वर्षं आणि पुढे.
कुठे घेतलं : ठाणे पश्चिम, नौपाड्यातलं शालेय साहित्याचं एक दुकान.
किंमत : छापील ७९९, घासाघीस करून ६५०.
तारे : पाचपैकी तीन. आतल्या पुस्तिकेला वेगळे तारे देता आले असते तर एकही दिला नसता.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला खेळण्यात एवढं काय दिसलं असं वाटेल. मी मूळचा पाटण तालुक्यातला. पोफळीच्या वीजगृहात ऑपरेटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरून डोंगराच्या आतच मशीन फिरवतं, ते हे पोफळी. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे शिफ्ट संपवून बोगद्याच्या तोंडाशी आल्यावरच कळायचं. आता मुलाकडे ऐरोलीला असतो. गंमत बघा, नोकरीभर ज्या 'एलडी कळवा'चे फोन घेतले, म्हणजे राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर, ते आहे ऐरोलीतच, ठाणे-बेलापूर रस्त्याला. तिथून 'दोन नंबर घ्या', 'चार नंबरचं लोड पाडा' असे हुकूम यायचे. आता बस तिथून गेली की हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. सून हसते.

तर नातीला, सईला, सातवीच्या विज्ञान प्रदर्शनात जलविद्युत हा विषय आला. चिठ्ठ्या टाकून. वर्गातल्या बाकीच्या मुलांना ज्वालामुखी, सौरऊर्जा वगैरे मिळाले आणि हिला नेमकं हे, म्हणून घरात माझी कॉलर ताठ. शाळेने सांगितलेलं : चालतं मॉडेल, आणि तक्त्यावर फायदे पाच, तोटे पाच. आम्ही दोघं ट्रान्सहार्बरने ठाण्याला गेलो, स्टेशनातून चालत नौपाडा. दुकानदाराने फळीवरून तीन प्रकारची खोकी काढली. एकात नुसता थर्माकोलचा डोंगर आणि निळा रंग. दुसऱ्यात पंखा होता पण तो बॅटरीवर फिरतो, म्हणजे पाणी निव्वळ शोभेला. तिसरं हे. 'काका, हे खरंच पेटतं बरं का,' असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, लावून दाखवा. तर म्हणाला, दुकानात पाणी नाही.

खोक्यात काय निघालं ते सांगतो. दोन लिटरची पारदर्शक टाकी, तिच्या तळाला रबरी बूच. हातभर नळी आणि टोकाला बारीक नोझल. आठ वाट्यांचं प्लॅस्टिकचं चाक. एक छोटी डीसी मोटर, खेळण्यातल्या गाडीत असते तशी. पांढरा एलईडी, दोन वायरी, पाणी गोळा करायला ट्रे. टाकी ठेवायला फूटभर उंचीचा स्टँड. सामान तसं चांगलं आहे, टाकीचं प्लॅस्टिक जाड आहे, कडा हाताला लागत नाहीत. बूच ओढलं की पाणी सुटतं, हे सईला फारच आवडलं. मी तिला सांगितलं की कोयनेतही असंच बूच ओढलं होतं. चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या शिवसागराखालून, म्हणजे कोयनेच्या जलाशयाखालून, बोगदा खणत नेला आणि शेवटचा खडक सुरुंगाने उडवून १९९९ मध्ये पाणी आत घेतलं, जलाशय रिकामा न करता. लेक टॅपिंग म्हणतात त्याला. २०१२ मध्ये आणखी एकदा केलं. त्यानंतर तिने बूच दहा वेळा ओढलं आणि दहा वेळा ओट्याखालची फरशी पुसली.

जोडणी अर्ध्या तासात झाली. पहिली खोट लगेच दिसली : चाक एका बाजूने स्टँडला घासतं. आसावर पातळ वॉशर घातला की भागतं, पण वॉशर खोक्यात नाही. मी नळाच्या जुन्या वॉशरचा पापुद्रा कापून घातला. चाक सुटलं. टाकी भरली, बूच ओढलं, नोझलमधून धार वाटीवर बसली, चाक गरगर फिरलं आणि एलईडी ढिम्म. सईने वायरी उलटसुलट केल्या, बरोबर केलं तिने, एलईडी एकाच दिशेने पेटतो. तरी ढिम्म. मल्टिमीटर लावला, तर मोकळ्या मोटरवर ०.९ व्होल्ट.

इथे किट बनवणाऱ्याची खरी चूक आहे आणि ती चार आण्यांची आहे. पांढऱ्या एलईडीला पेटायला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. लाल दिला असता तर पावणेदोन-दोन व्होल्टमध्ये निदान मिणमिणला असता, थोडी उंची वाढवून काम झालं असतं. फूटभर उंचीवरून तीन व्होल्ट या चाकाला काढताच येणार नाहीत. म्हणजे खोक्यावरच्या चित्रात जो दिवा लखलखतोय तो खोक्यातल्या सामानाने, खोक्यात सांगितलेल्या पद्धतीने लागत नाही. दुकानदाराला दुसऱ्या दिवशी फोन केला, तर म्हणे आजपर्यंत कुणाची तक्रार आली नाही. येईल कशी? आईबाप मोबाइलचा चार्जर लावून दिवा पेटवून देत असतील.

आता जरा हिशेब, कारण सगळी गोम त्यातच आहे आणि पुस्तिकेत त्याचा पत्ता नाही. पाण्यात किती ताकद आहे हे काढायला दोनच गोष्टी लागतात : सेकंदाला किती लिटर आणि किती मीटर उंचीवरून. दोन्हींचा गुणाकार, त्याला ९.८१ ने गुणायचं, उत्तर वॅटमध्ये. आमच्या नोझलमधून सेकंदाला साधारण शंभर मिली जातं, म्हणजे ०.१ लिटर. उंची ०.३ मीटर. उत्तर ०.२९ वॅट. त्यातलं बरंचसं घासण्यात, सांडण्यात आणि मोटरच्या आत जिरतं. हातात येतं ते नखाएवढं.

सईने विचारलं, मग पोफळीला कसं जमतं? पोफळीला उंची आहे, साधारण पावणेपाचशे मीटर. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढं पाणी तिथे वरून खाली आलं की एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज देतं. एक युनिट म्हणजे दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास. मी हे जेवताना सांगितलं तेव्हा सून थांबली. म्हणाली, 'आबा, म्हणजे आमची एक आंघोळ म्हणजे अर्धा किलोमीटर उंचीवरून एक टाकी?' तसंच. आणि हीच टाकी आमच्या सातव्या मजल्याच्या गच्चीवरून तळमजल्यावर सोडली तर सतरा-अठरा टाक्या लागतील एका युनिटला. त्या वर चढवायला पंपाने किती खाल्ली असेल ते वेगळंच. दर दोन महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी गच्चीतल्या पाइपात टर्बाइन बसवण्याचा व्हिडिओ टाकतो, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

मग सई म्हणाली, आबा, आपण उंची वाढवू. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतून खाली कंपाउंडपर्यंत नऊ मीटर तरी पडतात. झाडांना पाणी घालायचा अर्ध्या इंची पाइप होता, त्याला किटचं नोझल दोरीने आवळून बांधलं. वर स्टुलावर वीस लिटरची बादली मी धरली, पाइप आधी नळाने भरून घेतला म्हणजे हवा राहत नाही. खाली सई, टबात ठेवलेलं किट, आणि नको म्हणत म्हणत थांबलेला वॉचमन. मी वरून बोट काढलं.

आवाजच बदलला. ओट्यावर चाक टपटप करत होतं, इथे शिट्टीसारखं वाजायला लागलं. सई ओरडली, 'पेटला! आबा, पेटला!' खरोखर, पांढरा दिवा, उन्हात दिसेल असा. उंची तीसपट झाली की धारेचा वेग साधारण साडेपाचपट होतो, चाक तेवढं जास्त पळतं, व्होल्ट चढतात. पाणीही तेवढंच भराभर जातं, बादली झपाट्याने रिकामी व्हायला लागली. पण ती संपायच्या आतच टक्कन आवाज आला आणि एक वाटी वॉचमनच्या छातीवर जाऊन बसली. वाट्या नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या आहेत, साच्यातल्या एकसंध नाहीत. सेक्रेटरी बाल्कनीतून बघत होते. पाणी वाया घालवण्याबद्दल दोन वाक्यं ऐकून घेतली, जी रास्त होती.

त्या सगळ्या बादलीतली ऊर्जा मोजली तर एका युनिटच्या दोनहजाराव्या भागाहूनही किंचित कमी भरते. त्यातलीही सगळी वापरली नाही.

या किटमध्ये एक गोष्ट मात्र फार छान शिकता येते आणि तिच्यासाठी मी दोन तारे देतो. दिवा काढून टाका. मोटरच्या दोन्ही वायरी मोकळ्या ठेवून चाक बोटाने फिरवा, हलकं फिरतं. आता त्या दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवा आणि पुन्हा फिरवा. चाक जड होतं. काही घासत नाही, काही अडकत नाही, तरी जड. सईचे डोळे मोठे झाले. वीज घ्यायला लागलं की चाक ओढ देतं, फुकट काही नाही, हे बोटाला कळतं. आमच्या नोकरीचं निम्मं काम हेच होतं. संध्याकाळी सहा-साडेसहाला राज्यभर दिवे लागले की ग्रिडवरची, म्हणजे वीजगृहं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावरची, सगळी मशीन जड व्हायला लागतात, वेग उतरतो, विजेची वारंवारता पन्नास हर्ट्झवरून ४९.९ वर येते. मग गव्हर्नर, म्हणजे मशीनचा वेग सांभाळणारं यंत्र, नोझलमधली सुई, नीडल, थोडी उघडून जास्त पाणी सोडतो. तेही पुरलं नाही की कळव्याचा फोन.

फोन आल्यावर काय करायचो ते सांगतो. कूलिंग वॉटर चालू, ब्रेक सोडले, मोठा व्हॉल्व्ह उघडला, मग नीडल थोडी. शांत मशीन आधी गुरगुरतं, मग सूर धरतं. वेग भरला की एक्सायटेशन, म्हणजे जनित्राच्या चुंबकाला वीज, देऊन व्होल्टेज आणायचं. मग सिंक्रोस्कोपवर नजर, मशीनचा ठेका ग्रिडशी जुळला का ते तो दाखवतो. त्याचा काटा घड्याळासारखा सावकाश फिरत असतो, तो बारावर यायच्या किंचित आधी ब्रेकर मारायचा, म्हणजे मशीन ग्रिडला जोडायचं. किंचित उशीर झाला की सगळं वीजगृह हादरा खातं आणि शिफ्ट इंजिनिअर तुमच्याकडे न बोलता बघतो. बरोबर बसला तर काहीच होत नाही, नुसता मीटर हलतो. हे सगळं मोजक्या मिनिटांत. कोळशाचा संच थंड पडला असेल तर तो तापून येईपर्यंत तास जातात. पाण्याची खरी श्रीमंती ही आहे, मागाल तेव्हा येतं आणि नको तेव्हा थांबतं. पुस्तिकेत 'स्वच्छ' आणि 'स्वस्त' हे दोन शब्द अकरा वेळा आलेत. हे एकदाही नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ इथल्या लोकांना आठवत असेल. दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात, लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, मुलाची घरून नोकरी, सगळी बिल्डिंग बाल्कनीत. मी म्हटलं, आता पाण्याची मशीन धावतील. आणि त्या दिवशी पुरवठा परत आणताना टाटांची पाण्यावरची युनिटं कामाला लावलीच होती. ती मशीन आहेत घाटाखाली, खोपोली, भिवपुरी आणि भिरा. खोपोली १९१५ सालचं, मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला बांधलेलं. शंभर वर्षांनंतरही पाण्याचं वीजगृह कामाचं राहतं. टर्बाइन बदला, वाइंडिंग बदला, डोंगर आणि पाऊस तोच.

आता पुस्तिकेकडे. चौसष्ट पानं, गुळगुळीत कागद, आणि चौदाव्या पानावर जे चित्र आहे ते पाहून मी चष्मा काढून पुसला. जनित्रातून निघालेली वायर एका पंपाला जोडलीय, तो पंप खालचं पाणी पुन्हा टाकीत टाकतोय, आणि खाली ओळ : 'अशा प्रकारे पाणी संपत नाही व वीजही संपत नाही.' बापरे. असं असतं तर कोयना धरण कशाला बांधलं असतं, एक बादली पुरली असती महाराष्ट्राला. पाणी खाली येताना जेवढं देतं त्याहून जास्तच वर नेताना घेतं. सातवीतल्या पोराच्या डोक्यात हे चित्र एकदा बसलं की पुढे बारावीपर्यंत उकरून काढायला लागतं.

त्या चित्राच्या जवळपासची खरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आहे, ती छापली असती तर? शहापूर तालुक्यात चोंढे म्हणून गाव आहे. तिथे खाली एक धरण, वर घाटमाथ्यावर घाटघरला दुसरं, मध्ये डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचं वीजगृह. रात्री ग्रिडवर वीज उरली की तीच मशीन उलटी फिरून पाणी वर चढवतात, संध्याकाळी नड पडली की खाली सोडतात. यात चार युनिट घालून तीनेक मिळतात, म्हणजे तोटाच. पण रात्रीची उरलेली वीज संध्याकाळी वापरता येते. पाण्याची बॅटरी समजा. आता उन्हाच्या विजेचं प्रमाण वाढतंय, ती दुपारी उतू जाते आणि दिवेलागणीला नसते, म्हणून असे प्रकल्प ठिकठिकाणी निघालेत.

वाट्यांबद्दल एक तांत्रिक तक्रार, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. पाण्याच्या धारेवर फिरणाऱ्या खऱ्या चाकाची, पेल्टन चाकाची, वाटी म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन वाट्या, मध्ये धारदार कड. धार त्या कडेवर बसते, दुभंगते, दोन्ही बाजूंनी वळून मागे येते. चाकाचा वेग धारेच्या निम्मा ठेवला की पाणी वाटीतून पडतं तेव्हा त्याच्यात जीव उरलेला नसतो, सरळ खाली गळतं. सगळी ताकद चाकाला. किटच्या वाट्या चमच्यासारख्या आहेत, पाणी चहूकडे उडतं. ते उडणारं पाणी म्हणजे वाया गेलेली वीज. दुसरं, धार आणि चाकाच्या मध्ये एक पत्रा असायला हवा होता, डिफ्लेक्टर. लोड अचानक गेलं की मशीन सुसाट सुटतं. तेव्हा पाणी एकदम बंद करता येत नाही, पावणेपाचशे मीटरचा पाण्याचा खांब थबकला तर पाइप फाडतो. म्हणून आधी तो पत्रा धार बाजूला ढकलतो आणि नीडल मागाहून सावकाश मिटते. घरात नळ फटकन बंद केल्यावर भिंतीतला पाइप ठणकतो, त्याचा हा थोरला भाऊ. दहा रुपयांच्या पत्र्यात हे दाखवता आलं असतं.

किटमधल्या ट्रेचंही तेच. पाणी ट्रेमध्ये पडलं की खेळ संपला. ते पाणी पुढे कुठे जातं, यावर पुस्तिका गप्प. आमच्याकडे त्याला अवजल म्हणतात आणि माणसं त्यावरच जगतात. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेलं आंध्रा धरणाचं पाणी उल्हास नदीत येतं आणि उल्हासवरून शहाडच्या बाजूने ठाण्याला येतं. म्हणजे ठाण्यात प्यायल्या जाणाऱ्या पाण्यातला काही भाग आधी टर्बाइन फिरवून आलेला असतो. भातसा धरणाच्या पायथ्याशीही १५ मेगावॅटचं मशीन आहे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला जाता, पैसे भरून ओलं होता, ते पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडून सुटलेलं. पोफळीचं पाणी कोळकेवाडीच्या धरणात जमा होतं, अलोऱ्याला दुसऱ्यांदा मशीन फिरवतं आणि मग वाशिष्ठीत. चिपळूणला भर मे महिन्यात नदीला पाणी दिसतं ते यामुळे.

पण हे सगळं पाणी मुळात पूर्वेचं. कोयना कृष्णेला मिळते, आंध्रा इंद्रायणीतून भीमेला. आपण सह्याद्रीला भोक पाडून ते पश्चिमेला वळवलं, कारण उतार इकडे आहे. पूर्वेच्या दुष्काळी भागाने विचारलं की आमचं पाणी समुद्रात का सोडता, तर काय सांगणार? म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. कोयनेची सगळी मशीन मिळून १,९६० मेगावॅट, पण ती बारा महिने अहोरात्र फिरवता येत नाहीत, पाण्याचा कोटा संपतो. वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात, आम्ही लॉगशीटवर पाण्याचे आकडे रेशनच्या साखरेसारखे लिहायचो. इंधन फुकट आहे हे खरं. पण ते पाऊस आणि कोर्ट, दोघांना विचारून जाळायचं.

सईच्या तक्त्यावर पाच तोटे हवे होते. पुस्तिकेत तोट्यांच्या खाली एकच ओळ : 'सुरुवातीचा खर्च जास्त असतो.'

कुणाचा खर्च? माझी आत्या जावळीच्या अंगाला दिलेली. तिचं गाव शिवसागरात गेलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. कोयनेची माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी कुठे कुठे पांगली, आत्याचं बिऱ्हाड ठाणे जिल्ह्यात आलं. डोंगरातल्या नाचणीवाल्या बाईला खाली दमट हवेत भाताची जमीन. ती शेवटपर्यंत जिल्ह्याचं नाव 'इकडे' आणि गावाचं 'आपल्याकडे' असंच म्हणायची. पुनर्वसनासाठी कोयनेच्या लोकांची आंदोलनं धरण झाल्यावर अर्धशतक उलटलं तरी चालू राहिली. आणि मी त्याच पाण्यावर नोकरी केली, घर बांधलं, मुलाला शिकवलं. आत्याने मला कधी बोल लावला नाही. एकदा दिवाळीला वीज गेली तेव्हा एवढंच म्हणाली, 'तुमच्या तिथली असूनसुद्धा जाते व्हय रं?'

मुळशीचं तर १९२१ पासून. धरणात जमिनी चालल्या म्हणून मावळ्यांनी सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापट उभे राहिले. धरण झालंच. भिऱ्याची मशीन त्या पाण्यावर फिरतात.

आणि भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाट. मी दहा वर्षांचा. आईने आधी धाकटीला उचललं, मग मला ढकललं, मग घराची मागची भिंत आत आली. दिवस उजाडला तेव्हा सगळी आळी अंगणात, गुरं दाव्याला धडका देतायत. कोयनानगरची वस्ती कोसळली, दीडशेहून जास्त माणसं गेली. धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं, नंतर मजबूत केलं. जलाशयातल्या पाण्याच्या भाराने आणि मुरण्याने तिथल्या भूकंपांना चालना मिळते, हे जगभरचे भूगर्भवाले कोयनेचंच उदाहरण देऊन शिकवतात. अजून लहान धक्के बसतात. पोफळीला कंट्रोल रूममध्ये पाणी प्यायचा ग्लास थरथरला की आम्ही एकमेकांकडे बघायचो, दहा सेकंद, आणि परत लॉगशीट.

यातलं किती तक्त्यावर मावणार? सईने पाचव्या तोट्यात लिहिलं, 'टाकी जिथे ठेवतो तिथे आधी काय होतं ते विचारावं.' बाईंनी लाल पेनाने 'नीट लिही' असा शेरा मारला. मी काही बोललो नाही.

दुकानाबद्दल : वाटी तुटल्यावर चाक बदलून मागायला गेलो, तर वापरलेला माल परत नाही म्हणाले. पावतीच्या मागे खरंच तसं छापलंय, माझी चूक. मालकाचा मुलगा मात्र चांगला निघाला. मी वायरी टेकवून चाक जड होतं ते दाखवलं, तर गिऱ्हाईक सोडून दोनदा करून बघितलं आणि दोन लाल एलईडी फुकट दिले. तेवढ्यापुरता एक तारा दुकानाचा.

घ्यायचं तर घ्या, सामान साडेसहाशेचं आहे. पण घरी आल्यावर चौदावं पान फाडून टाका. लाल एलईडी वेगळा घ्या, दोन-तीन रुपयांना मिळतो. टाकी ओट्यावर न ठेवता कपाटावर ठेवा, नळी लांब लावा आणि किट जमिनीवर, म्हणजे दोन मीटर तरी उंची मिळते, लाल दिवा पेटतो, आणि वाट्याही शाबूत राहतात. वाट्यांच्या मुळाशी आधीच एम-सील भरा आणि रात्रभर वाळू द्या. तुटलेल्या वाटीच्या जागी आम्ही खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते प्लॅस्टिकचं माप कापून बसवलंय. ते बाकीच्या सातांपेक्षा जड आहे, त्यामुळे चाक आता प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळतं.